दहा नारळांचा उजेड

आमच्या बेटाचा हिशेब माझ्या वहीत असतो.
चौसष्ट घरं, एक शाळा,
दवाखान्यातला लशींचा फ्रीज,
आणि संध्याकाळी सहा ते नऊ धडधडणारं
कालोविया काकांचं इंजिन.

डिझेल यायचं पोर्ट व्हिलाहून, बोटीनं, पिंपांतून.
धक्का नाही आम्हाला.
खलाशी पिंपं सरळ पाण्यात ढकलायचे,
पोरं पोहत पोहत ती किनाऱ्याला लोटत आणायची,
हट्टी डुकरं हाकावीत तशी.
पिंपाचा दाम, दामावर भाडं,
भाड्यावर कप्तानाचं तोंड गोड करणं,
आणि वादळाच्या दिवसांत नुसतीच वाट.
मी लिहायचे: आले, शून्य. उरले, अर्धे पिंप.
क्षितिजाकडे आम्ही डोळ्यांत तेल घालून बघायचो,
इंजिनात घालायला नव्हतं म्हणून.

एकदा काका वर बघत म्हणाले,
हे झाडाला लटकलंय ते काय मग?

खोबरं वाळवलं, किसलं, पिळलं.
फडक्यातून गाळलं, तरी गाळ राहिला,
तेव्हा लेइमारानं लग्नातली डोईवरची जाळी आणून दिली.
कशाला जपून ठेवायची, म्हणाली, तो तर गेला सांतोला.
इंजिन खोकलं, काळं थुंकलं,
आणि लागलं.
त्या रात्री गावभर तळणाचा वास.
जेवून उठलेली पोरं पुन्हा ताटं घेऊन आली,
कुत्री इंजिनघराच्या उंबऱ्यावर जीभ काढून.

ऑगस्टात तेल थिजलं.
काकांनी धुराच्या नळकांड्याभोवती तांब्याची नळी गुंडाळली,
त्याच्याच उबेवर तेल पातळ केलं.
माझ्या गुडघ्यांचंही हेच आहे, म्हणाले,
आधी शेकायचं, मग चालायचं.

वहीत नवा रकाना आखला.
दहा नारळ म्हणजे एक लिटर,
एक लिटर म्हणजे बारा घरांची एक संध्याकाळ.
म्हणजे तारीच्या पोरीचा गृहपाठ होईपर्यंत
जवळजवळ एक अख्खा नारळ जळतो.
हे मी तिला सांगायला नको होतं.
ती भागाकार भराभर उरकायला लागली,
आणि चुकायला लागली.

मग सुक्या खोबऱ्याचा भाव चढला.
व्यापारी आला तराजू घेऊन. माणूस वाईट नव्हता.
पोत्यामागे दुप्पट वातू, रोख, हातावर.
एकेक घर माझ्यापाशी येऊन जमिनीकडे बघत म्हणालं,
या महिन्यात आमचे नारळ धरू नकोस.
कोणत्या तोंडानं बोलणार मी?
माझीही तीन पोती त्याच बोटीत चढली होती.
मुलाची फी थोडीच उजेडानं भरता येते.

पाच आठवडे अंधार.
लोक लवकर झोपले, लवकर भांडले.

सहाव्या आठवड्यात सभा घेतली, वडाखाली, कंदिलावर.
मी एवढंच विचारलं, पोत्यामागे किती ठेवाल?
कावा पिऊन जडावलेली माणसं हळूहळू बोटं वर करत गेली.
भाव उतरायच्या आत त्याच बोटीनं
वापरलेली सौर पॅनेलं आली, अकरा,
एकीचा कोपरा तडकलेला.
शाळेच्या छपरावर बसली ती.
बॅटरी मात्र नवी, आणि बॅटरी मरते, हे मला ठाऊक आहे.
म्हणून बिस्किटांच्या डब्यात दर शनिवारी
घरटी पन्नास वातू.
ऊन फुकट आहे असं कुणी म्हणालं
की मी डबा वाजवून दाखवते.

आता रात्री काहीच वाजत नाही.
खडकावर फुटणारी लाट एवढ्या जवळ आहे
हे आम्हाला चाळीस वर्षांनी कळलं.
काकांना झोप लागत नाही.
सहा वाजले की इंजिनघरात जातात,
पुसलेलं पुन्हा पुसतात,
राखणीचं एक पिंप खोबरेल वास घेऊन तपासतात.

परवा तीन दिवस आभाळ गच्च होतं.
बॅटरीचा काटा लालवर आला.
मी सांगायला गेले,
तर काका अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून
हँडल हातात घेऊन उभेच होते.
पाठीमागे पोरं. ताटं घेऊन.